बिरूतात्यांनी विकलेली जीप

बिरूतात्या रोज संध्याकाळी आपली जीप दारातल्या लिंबाला बांधायचे. बांधायचे म्हणजे खरोखरच बांधायचे. बंपरला दावं, दाव्याचं दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला, वर गाठ, आणि गाठ नीट बसली का हे बघायला एक हिसका. गाडीला हँडब्रेक नावाची वस्तू असते, हे मी त्यांना एकदा समजावून सांगायला गेलो. "हँडब्रेक कंपनीचा, गुरुजी. दावं आपलं," असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवण्यात माझा जन्म गेला, पण भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या या माणसाला मला काहीएक शिकवता आलं नाही.

तात्यांचं घराणं मेंढरांचं. वडील मेंढरं राखायचे आणि बाजाराच्या दिवशी हेडी व्हायचे, म्हणजे बैल घेणारा आणि बैल विकणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवून द्यायचे. तात्यांची जवानी त्याच बाजारात गेली. पुढं चराईची रानं गेली, मेंढरं गेली, तळ्याकडेचा जमिनीचा एक तुकडा तेवढा राहिला, आणि तात्यांनी एक जुनी तांबडी जीप घेतली. जळकोटच्या फाट्यावरून अणदूर, नळदुर्ग, लग्नसराईत म्हणाल तिथं. धंदा बदलला, डोकं मात्र जनावरांच्या बाजारातच राहिलं. जीपचं नाव तांबडी. ती चालायची नाही, चालायची ती माणसं, तांबडी 'निघायची'. पेट्रोल पंपावर ते 'पाजून आणतो' म्हणून जायचे. टायरची हवा बघताना बैलाचा खूर उचलावा तसं चाकापाशी बसायचे आणि तिथंच तिच्याशी काहीबाही बोलायचे.

सोमवारी तांबडी जागची हलायची नाही. आमच्याकडं सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, तो नियम तात्यांनी जीपला लावला होता. एकदा सोमवारच्या लग्नाची सुपारी तात्यांनी वार न बघता घेतली. वऱ्हाड दारात येऊन उभं राहिलं, तात्या कपाळाला हात लावून बसले, आणि शेवटी पदरमोड करून त्यांनी दुसऱ्याची जीप आणली. वर त्या जीपच्या ड्रायव्हरला, जनावराला सुट्टी देत नाही म्हणून, चार शब्द सुनावले. पोळ्याला तांबडीच्या बंपरला रंग, बॉनेटवर झूल, आरशाला घुंगरू. पुरणपोळी बॉनेटवर ठेवायची, इंजिन चालू करायचं, ते जरा घुरघुरलं की "खाल्ली" म्हणायचं. ती पोळी नंतर कुठं जायची हे फक्त सरूकाकूंना ठाऊक होतं.

सरूकाकू म्हणजे तात्यांची बायको. यांना मूलबाळ नव्हतं. काकू दिवसभर तात्यांच्या नावानं बोटं मोडायच्या आणि दुपार झाली की फाट्यापर्यंत चालत जाऊन जीपमध्ये डबा ठेवून यायच्या. त्या गेल्या आणि तात्यांनी फाट्यावर जाणंच सोडलं. जीप लिंबाखाली उभी राहून धुळीनं भरली. एक दिवस ते म्हणाले, "उभ्या जित्राबाचं हाल बघवत न्हाईत. बाजार दावतो."

आता जीप विकायची म्हणजे माणूस काय करतो? एजंटाकडं जातो, फोटो काढून मोबाईलवर टाकतो. तात्यांनी तांबडी धुतली आणि जनावरांच्या बाजारात नेऊन बैलांच्या रांगेत उभी केली, खुंटीला बांधून. मी त्या दिवशी कोथिंबीर घ्यायला गेलो होतो म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. ईट गावचा भास्कर नावाचा एक तरुण गिऱ्हाईक आला. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात मावा. तात्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला. बैलाचा भाव आमच्याकडं असाच होतो. रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची, तोंडातून आकडा काढायचा नाही. रुमाल बराच वेळ हलत होता. मग तात्यांनी तो झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "हात दिला, मिटलं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कुणाशी भांडण मिटवलं, कुणाला शेत नांगरायला दिलं, कुणाच्या मुलीची सोयरीक जुळवली, सगळ्याचा शेवट याच वाक्यानं व्हायचा. त्यांच्या आयुष्यात तोवर हे वाक्य कधी खोटं पडलं नव्हतं, हेच त्यांचं दुर्दैव.

भास्करनं आरसी बुक मागितलं. तात्या दचकलेच. बैल विकताना दावं द्यायचं नसतं, दावं गेलं की घराची बरकत गेली, हे काय सांगायला लागतं? तात्यांच्या घरात एका खुंटीवर विकलेल्या प्रत्येक बैलाचं दावं टांगलेलं होतं. तांबडीचं दावं तर त्यांनी सोडून घेतलंच, पण आरसी बुकसुद्धा दाव्यातच जमा धरलं आणि त्याच खुंटीला अडकवायचं ठरवलं. भास्कर काही खुळा नव्हता. तो लगेच म्हणाला, "बरोबर हाय तुमचं तात्या. मला झेरॉक्स द्या, झालं." नावावर गाडी नको, कर नको, विमा नको, फुकटची डोकेदुखी नको. असा विकणारा त्याला सात जन्मांत भेटला नसता.

परतीच्या वाटेवर मी तात्यांना तासलं. म्हटलं, गाडी विकली की आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म भरायचे असतात, नाहीतर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. त्यांनी मलाच उलट विचारलं, की बैल विकल्यावर कुणी तलाठ्याकडं वर्दी द्यायला जातं का? मी म्हटलं, बैलाला नंबरप्लेट नसते. ते म्हणाले, "चारा त्यानं घालायचा, नाव माझं ऱ्हायचं. ह्यात माझं काय वंगाळ झालं?" त्यांना त्याचा आनंदच झाला होता. पुढंही मी दोनचारदा बजावलं. म्हटलं, चला, मी येतो धाराशिवला. दर वेळी काहीतरी निमित्त निघायचं.

मग तात्यांच्या मोबाईलवर मेसेज यायला लागले. एरवी त्या फोनवर चिटपाखरू फिरकत नसे. तात्या फोन घेऊन माझ्याकडं आले. मी वाचलं: बार्शीत सीट बेल्ट नाही, दंड. मला घाम फुटला. तात्यांचा चेहरा उजळला.

"बार्शीपातुर गेली म्हना की," ते म्हणाले.

त्यानंतर हे सुरूच झालं. दंडाचा मेसेज आला की तात्या चप्पल न घालता माझ्या ओट्यावर. "कुठं हाय म्हनती?" मी सांगायचो: परांडा, जादा प्रवासी. जामखेड, वेग जास्त. वेगाचं ऐकून ते मांडीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, अजून जोर हाय बघा तिच्यात. मी पोटतिडकीनं सांगत होतो की ही पोलिसांची नोटीस आहे, सासरी दिलेल्या लेकीची खुशाली नव्हे. त्या मेसेजबरोबर कॅमेऱ्यानं काढलेला फोटो असतो, हे त्यांना कळलं तेव्हा तर मला दुसरा उद्योग उरला नाही. फोटो मोठा करून दाखवायचा. तात्या डोळे बारीक करून बघणार. एकदा म्हणाले, "वाळली हो." पुढचा एक दिवा फुटलेला होता. तात्यांनी भास्करला निरोप पाठवला. दंड भर असा नव्हे, दिवा बसव असा.

आणि एक दिवस मेसेजच्या ऐवजी दोन पोलीस आले.

भूमच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला तांबडीनं एका सायकलवाल्याला उडवलं होतं. गवंडीकाम उरकून घरी निघालेला माणूस, जागच्या जागी गेला. जीप रस्त्याकडेच्या चारीत सोडून चालवणारा पसार. कुणी त्याचं तोंड पाहिलं नाही. नंबरावरून नाव निघालं: बिरू, मुक्काम जळकोट. तात्या त्या वेळी माझ्या ओट्यावर बसले होते हे आम्ही दहा जणांनी ठाण्यात जाऊन सांगितलं, म्हणून बेड्या टळल्या. परत येऊन ओट्यावर बसल्यावर तात्यांनी इतकंच विचारलं, की त्या माणसाला घरी कोण कोण आहे.

भास्करनं कानावर हात ठेवले. कसली जीप? कोण तात्या? विम्याची मुदत संपून जमाना झाला होता. मेलेल्या गवंड्याच्या बायकोनं नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि त्यात जबाबदार माणूस एकच निघाला, ज्याचं नाव कागदावर होतं तो. वकिलांनी सांगितलं की हे प्रकरण सरळ तळ्याकडेच्या तुकड्यावर येणार. तात्यांचं पोट त्या तुकड्यावर होतं. दुसरं त्यांच्याकडं काही नव्हतं.

तरी तात्यांना खात्री होती. भास्करला अणदूरच्या खंडोबाला आणायचा आणि भंडारा उचलायला लावायचा. देवाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलणारा माणूस त्यांनी बघितलेला नव्हता. गावातली चार वडीलधारी माणसं मध्ये पडली, भास्करला निरोप गेला, आणि आश्चर्य म्हणजे तो आला. नवा शर्ट घालून आला. पायऱ्यांवर चपला नीट जोडीनं काढल्या, देवाला हात जोडले, मूठभर भंडारा उचलला आणि म्हणाला, "ह्या मानसाची जीप म्या घेतली न्हाय." आवाज जरासुद्धा हलला नाही. मग हाताला लागलेला भंडारा त्यानं कपाळाला लावला, वाया कशाला घालवायचा म्हणून. जाताना आम्हा सगळ्यांच्या चहाचे पैसेही त्यानंच दिले आणि आमच्यातल्या दोघांनी तो चहा घेतला.

तात्या कितीतरी दिवस वाट बघत होते. ईटकडचं कुणी भेटलं की हळूच विचारायचे, भास्करचं बरं हाय ना? पाय मोडला, साप चावला, निदान म्हैस आटली, काहीतरी बातमी येईल अशी त्यांची अपेक्षा होती. बातमी आली ती अशी, की भास्करनं नवा टेम्पो घेतला. रीतसर, स्वतःच्या नावावर, विम्यासकट. त्या दिवशी तात्यांनी 'हात दिला, मिटलं' म्हणणं सोडलं. पुन्हा कधी त्यांच्या तोंडून मी ते ऐकलं नाही.

मग तारखा सुरू झाल्या. वकील म्हणाले होते, तुम्ही यायची गरज नाही, साक्षीला तेवढं बोलावू. पण तात्या एक तारीख चुकवायचे नाहीत. पहाटेची एसटी धरून धाराशिव, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात, संध्याकाळी घरी. लोक कोर्टातून तोंड उतरवून येतात. हा माणूस तृप्त होऊन यायचा. सरूकाकू गेल्यापासून घरी तांब्याभर पाणी पिऊन निजणारे तात्या तारखेहून आले की मला जेवणाचं सांगायचे. आज दोडका हुता. आज शेंगाची चटनी लई झकास हुती. मी म्हटलं, तुमच्यावर जप्ती यायची वेळ आलीय आणि तुम्ही हॉटेलात दोडका खाताय? तारखेला निघताना ते पिशवीत गूळ, हुरड्याच्या दिवसांत हुरडा, असं काहीतरी घेऊन जायचे. मला वाटलं, कारकुनाला देत असतील.

साक्षीचा दिवस आला. मलाही साक्षीदार केलं होतं. माझी साक्ष आधी झाली आणि तिची आठवण झाली की अजून माझे कान तापतात. समोरच्या वकिलांनी विचारलं, गुरुजी, आपण सौदा ऐकलात? नाही. आकडा ऐकलात? नाही. मग पाहिलंत काय? मी म्हणालो, रुमाल हलताना पाहिला. कोर्टात सगळे हसले, साहेबांनीसुद्धा मान खाली घातली.

तात्यांना मधल्या सुट्टीनंतर बोलावणार होते. आमच्या वकिलांनी त्यांना व्हरांड्याच्या कडेला नेऊन शेवटचं पढवलं. रुमालाचा सौदा काही टिकला नाही, आता विकली म्हणायचंच नाही. चोरीला गेली म्हणायचं, अडाणी माणूस, तक्रार द्यायची राहून गेली. त्यात काहीतरी फट आहे, तुकडा वाचेल. तात्यांनी मान डोलावली. मी हुश्श केलं.

मग ते मला व्हरांड्याच्या टोकाच्या बाकाकडं घेऊन गेले. तिथं एक बाई बसली होती, पंचविशी-तिशीची, कपाळ मोकळं. तात्यांना बघून ती सरकली, पदरानं बाक पुसला आणि मला म्हणाली, "बसा, गुरुजीच न्हवं तुमी? तात्या सांगत्यात तुमचं." तिनं डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी, चटणी. तात्यांच्या हातावर भाकरी ठेवून ती "जेवा" म्हणाली, तात्यांनी पिशवीतला गूळ काढून मध्ये ठेवला. रोजचंच असावं तसं सगळं चाललं होतं. मी विचारावं म्हणून विचारलं, बाई, तुमचं काय प्रकरण?

ती म्हणाली, नवरा गवंडी होता, भूमच्या रस्त्यावर जीपनं उडवला. वकील बोलावतात तेव्हा येते. "त्यो जीपचा मालक एकदा बी तोंड दावायला आला न्हाय बगा. कसं काळीज असंल." मग तात्यांकडं बघून म्हणाली, "ह्यांची तारीख जित्राबाची हाय. एका जित्राबापायी म्हाताऱ्या मानसाला किती येरझाऱ्या."

मी तात्यांकडं बघितलं. ते खाली मान घालून भाकरी मोडत होते, बारीक बारीक, एखाद्या लहान पोराला भरवायची असावी तशी. माझा असा संताप झाला की तिथंच उठून जावं वाटलं. सगळ्या जिल्ह्यात बसायला या माणसाला हाच बाक सापडला होता.

शिपायानं पुकारा केला. आधी तिचं नाव, मग तात्यांचं. पूर्वी तात्या पुकाऱ्याच्या वेळी पाणी प्यायला जायचे म्हणे. आज जाता येत नव्हतं. ते उठले, हात धोतराला पुसले आणि आत गेले. ती डबा तसाच ठेवून दारापर्यंत आली आणि पिंजऱ्यात कोण चढतंय ते बघत उभी राहिली.

आमच्या वकिलांनी विचारलं, गाडी तुमच्याकडून कशी गेली? तात्यांनी वकिलांकडं बघितलं नाही. ते दाराकडं बघत होते.

"इकली," ते म्हणाले. "चोरी न्हाय. बाजारात हात देऊन इकली. नाव काडा म्हनून गुरुजी बोंबलत हुते, म्या ऐकलं न्हाय. नाव म्याच ठिवलं माझं."

वकिलांनी फाईल मिटली. तुकडा त्या क्षणी गेला, हे कोर्टातल्या पंख्यालाही कळलं असेल.

बाहेर आलो तेव्हा ती बाकावर बसली होती. डबा भरून, पिशवी मांडीवर. बाकावर जागा होती, पण तिनं पिशवी उचलली नाही. तात्या समोर उभे राहिले. मला वाटलं, ही आता शिव्या देणार, आणि खरं सांगतो, तिनं द्याव्यात असं मला वाटत होतं. तिनं बराच वेळ त्यांच्या पायांकडं बघितलं.

"तात्या," ती म्हणाली, "इतके दिस माझी भाकर कशी गोड लागली वो तुमाला?"

जबाबाची वाट न बघता ती उठून गेली. पुढच्या तारखांना ती आली नाही आणि तात्याही गेले नाहीत.

निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला. भरपाई कागदावरच्या मालकानं द्यायची. तुकड्यावर जप्ती आली, लिलावाची नोटीस चावडीवर लागली. भास्करचा टेम्पो महामार्गावरून आमच्या फाट्यापाशी हॉर्न वाजवत जातो, मी रोज बघतो. त्या बाईच्या पदरात काही पडावं हे मलाही पटतं, पण ते भास्करच्या खिशातून निघायला हवं होतं. हे लिहितानासुद्धा माझं डोकं फिरतं.

मीच वकिलांना गाठलं. ते म्हणाले, वरच्या कोर्टात अपील करू, लिलाव तरी थांबेल. मी कागद घेऊन तात्यांच्या घरी गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते. चूल थंड होती. मी सगळं समजावून सांगितलं, फक्त अंगठा हवाय म्हटलं.

"वरच्या कोर्टात आमाला जावं लागतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, अजिबात नाही. सगळं वकील बघतात. तुम्ही नाही, ती बाईही नाही.

"म्हंजी ती बी येनार न्हाय."

"नाही."

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. म्हणाले, राहू द्या. तुकडा तिला जाऊ द्या. मी चिडलो. म्हटलं, मग उद्यापासून खाणार काय तुम्ही?

"बाईनं इचारलं, त्याचा जबाब द्यायचा ऱ्हाऊन गेला, गुरुजी," ते म्हणाले. "म्या लबाडीनं न्हाई खाल्ली तिची भाकर. सरू गेल्यापसनं मला 'जेवा' म्हननारं दुसरं कुनी न्हवतं."